पिवळ्या दिव्याचं मौन

कार्बोरेटर गेला तशी मिस्त्रीची कलाही गेली, असं हळहळून म्हणणारं कुणीतरी प्रत्येक गॅरेजच्या बाकड्यावर बसलेलं असतंच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वीचा मिस्त्री सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरायचा, आवाज ऐकायचा, स्क्रू अर्धा आटा फिरवायचा आणि गाडी लाइनीवर यायची. आता पोरगं स्कॅनर लावतं, स्क्रीनवर आकडा येतो, आकड्यासमोरचा पार्ट बदलला की काम संपलं. यात दाद द्यावी असं काय उरलं?

माझ्या मते पुष्कळ उरलं आहे. इंजेक्शनच्या मोटारसायकलमध्ये पेट्रोलची वाट कुठं अडली हे शोधून काढणं ही हिंगोलीपासून वसमत-कळमनुरीपर्यंत रोज चालणारी आणि कुणी फारशी न वाखाणलेली कारागिरी आहे. ती नीट पाहिली तर आकडा वाचण्याचा भाग तिच्यात सगळ्यात सोपा असतो. अवघड भाग आकडा न दिसण्याचा असतो.

आधी थोडी पूर्वपीठिका. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ ची प्रदूषण मानकं लागू झाली आणि जवळजवळ सगळ्या नव्या मोटारसायकलींमधून कार्बोरेटरची गच्छंती झाली. तोवर इंजेक्शन ही महागड्या किंवा हौशी गाड्यांची गोष्ट होती. हिरो होंडानं २००६ साली ग्लॅमर एफआय आणली होती, पुण्याच्या बजाजनं २००७ मध्ये पल्सर २२० इंजेक्शनसह बाजारात उतरवली होती. पुढं २००९ मध्ये हीच २२० कार्बोरेटर लावून पुन्हा विकायला आली. म्हणजे हा रस्ता एकदा उलटाही चालून झाला आहे. २०२० नंतर मात्र मागं फिरायची सोय राहिली नाही. ज्या मिस्त्रीनं उभी हयात जेट फुंकण्यात घालवली, त्याच्या दारात वर्ष-दोन वर्षांत इंजेक्शनच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या.

दोन्ही रचनांमधला फरक समजल्याशिवाय पुढची गंमत कळत नाही. कार्बोरेटरमध्ये इंजिन हवा ओढतं, अरुंद गळ्यातून हवा वेगानं जाते, तिथला दाब घटतो आणि जेटमधून पेट्रोल आपोआप वर येतं. मागणारा आणि देणारा समोरासमोर, मध्ये हिशेबनीस नाही. इंजेक्शनमध्ये टाकीच्या पोटात बुडालेला पंप पेट्रोल साधारण तीन बार दाबानं, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास तिपटीनं, नळीत भरून ठेवतो. नळीच्या टोकाला इंजेक्टर. तो काही मिलिसेकंद उघडतो, बारीक फवारा मारतो आणि मिटतो. आयडलिंगला १५०० आरपीएम धरले तर फोर-स्ट्रोक इंजिनात मिनिटाला ७५० वेळा, म्हणजे सेकंदाला बारा-तेरा वेळा, ही उघडझाप चालते. प्रत्येक वेळी किती काळ उघडं राहायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवतो. थ्रॉटल किती उघडला, आत येणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान किती, इंजिन किती तापलं, क्रँक नेमका कुठं आहे, सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन किती उरला, एवढ्या बातम्या त्याच्याकडं सतत येत असतात.

या यादीत एक बातमी नाही. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. दाब ठरल्याप्रमाणं आहे असं धरूनच ईसीयू सगळा हिशेब मांडतो. तसंच नळीत पेट्रोल आहे की पेट्रोलबरोबर पाणीही आहे, हे सांगणारंही त्याला कुणी नाही. ज्याच्या जिवावर सगळं चालतं, त्या पेट्रोलकडंच यंत्र पाठ करून बसलेलं असतं.

आता तो पिवळा दिवा. मीटरवर इंजिनाचं छोटं चित्र असतं, चावी फिरवली की ते पेटतं आणि सगळं ठीक असेल तर विझतं. विझलं नाही तर वाचायचं. होंडाच्या पीजीएम-एफआय पद्धतीत हा दिवा स्कॅनरशिवायही बोलतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. ओळीनं आठ आखूड आल्या तर थ्रॉटल पोझिशन सेन्सर, नऊ आल्या तर हवेच्या तापमानाचा सेन्सर, एक लांब आणि दोन आखूड म्हणजे बारा, इंजेक्टर. शाळेत लघु-गुरू पाडून वृत्त ओळखायला शिकलेल्या माणसाला हा दिवा पहिल्याच भेटीत आवडावा. चांगला मिस्त्रीही तो तसाच वाचतो: ओठ हलवत, बोटं मोजत, आणि एक फेरी पूर्ण झाली तरी दुसऱ्या फेरीची वाट पाहत, कारण पहिल्या फेरीत एखादी मात्रा निसटली तर अर्थ पार बदलतो.

पण बाराचा अर्थ काय? इंजेक्टर खराब, असं नवखा म्हणेल. जाणता म्हणेल, इंजेक्टरचं सर्किट. ईसीयूला फक्त वीज कळते. इंजेक्टरच्या गुंडाळीतून करंट जातो की नाही, वायर तुटली आहे का, कनेक्टरमध्ये हिरवट गंज चढला आहे का, एवढंच तो सांगू शकतो. इंजेक्टरची सूक्ष्म छिद्रं कचऱ्यानं बुजली, फवाऱ्याऐवजी नुसती धार पडू लागली, तरी त्याची गुंडाळी शाबूत असते आणि वीज नियमानं येत-जात असते. दिवा पेटत नाही. काव्यशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर दिव्याकडं फक्त अभिधा, म्हणजे सरळ अर्थ, आहे. व्यंजना, म्हणजे सूचित अर्थ, गाडीकडून काढून घ्यावी लागते, आणि पेट्रोलच्या बाबतीत जवळजवळ सगळा मजकूर व्यंजनेतच असतो.

नांदेड नाक्याकडच्या एका गॅरेजात पाहिलेला एक प्रसंग यासाठी सविस्तर सांगण्यासारखा आहे. गाडी १२५ सीसीची, गिऱ्हाईक पन्नाशीतला शेतकरी, तक्रार अशी की सकाळी गाडी झटक्यात सुरू होते, पंधरा-वीस किलोमीटर बिनतक्रार चालते आणि मग रस्त्यातच मान टाकते. दिवा नाही, कोड नाही.

मिस्त्रीनं पान्याला हात लावला नाही. त्यानं विचारलं, “मामा, बंद कशी पडती? गपकन, का कुरकुर करत?”

“कुरकुरती बाबा. दम लागल्यावानी करती. ॲक्सिलेटर दिलं की अजूनच मरती. मंग उभी करायची. तंबाखू मळून होईस्तोवर थांबलं की सेल्फला पुन्हा चालू.”

या एका प्रश्नात अर्धं काम झालं होतं. करंट तुटला तर इंजिन एका क्षणात मरतं, पुढच्या क्षणी नुसती टायरची घरघर ऐकू येते. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आधी अडखळतं, मागितलेलं मिळत नाही म्हणून थ्रॉटल दिला की जास्तच गळतं. ‘गपकन का कुरकुर’ या तीन शब्दांनी मिस्त्रीनं कॉइल, चावीचं स्विच आणि ढिले कनेक्टर यांना रांगेत मागं ढकललं. आणि ‘तंबाखू मळून होईस्तोवर’ हे तर मामांनी नकळत दिलेलं मोजमाप होतं: काही मिनिटं थांबलं की दोष स्वतःहून बाजूला होतो. असं काय आहे, जे चालताना साचतं आणि थांबलं की सुटतं?

उत्तरं तीन-चार संभवतात. टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं असेल, तर पेट्रोल संपत जाईल तशी आत हवा न मिळून ओढ निर्माण होते आणि पंपाची दमछाक होते. पंप स्वतः तापून मंदावत असेल. किंवा पंपाच्या तळाशी असलेल्या जाळीवर, म्हणजे स्ट्रेनरवर, चालताना कचरा ओढला जाऊन बसत असेल आणि ओढ थांबली की पुन्हा खाली गळत असेल. चौथी शक्यता पंपापर्यंत पुरेसे व्होल्ट न पोचण्याची. चारही कारणांचं बाह्य रूप एकच, म्हणून इथं लक्षण पाठ असून भागत नाही.

“पेट्रोल कुठं टाकता?” “पंपावरच. घाई असली तर गावात बाटली.” “कितीचं?” “शंभरचं.” मिस्त्री नुसता हुंकारला.

मग त्यानं गाडी फिरवून आणली, उतरताच झाकण उघडलं आणि कान दिला. झाकण बुजलेलं असतं तर हवा आत शिरल्याचा सुस्कारा आला असता. आला नाही. एक संशयित गेला. मग चावी फिरवली. इंजेक्शनच्या गाडीची चावी चालू केली की पंप साधारण दोन सेकंद गुणगुणतो, नळीत दाब भरतो आणि गप्प होतो. या गुणगुणीत किती मजकूर असतो बघा: बॅटरीत जीव आहे, फ्यूज शाबूत आहे, रिले जोडतो आहे, किल स्विच बरोबर आहे, गाडी पडल्यावर पंप बंद करणारा कलंडण्याचा सेन्सर अडकलेला नाही. गुणगुण आलीच नसती तर तपासाची वाट याच क्रमानं वळली असती. इथं ती आली, पण किंचित चढ्या पट्टीत. शेजारी एक जण हॉर्न तपासत होता, त्याला मिस्त्रीनं हातानं थांबवलं आणि चावी पुन्हा फिरवून पुन्हा ऐकलं.

पुढचा भाग मला सगळ्यात देखणा वाटतो. त्यानं पंपाचा कनेक्टर काढला आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, म्हणजे नळीतला दाब उतरला. तीन बारचं पेट्रोल गरम इंजिनावर उडालं तर काय होईल हे सांगायला नको. मामांच्या खिशातली काडीपेटीही त्यानं बाहेर टपरीवर ठेवायला लावली. मग नळीच्या जोडावर टी बसवून प्रेशर गेज लावला, तो तारेनं हँडलला बांधला आणि गाडी बायपासकडं नेली. परत आला तेव्हा त्यानं सांगितलं ते एवढंच: काटा आधी पडला, गाडी नंतर कुरकुरली. तीनच्या आसपासचा काटा हळूहळू उतरत दोनच्या खाली आला, त्यानंतर इंजिन अडखळलं, थांबल्यावर काही मिनिटांनी काटा पुन्हा जागेवर आला. आधी काय आणि नंतर काय, एवढ्या क्रमानं कार्य आणि कारण यांचा निवाडा झाला. इंजिनात दुसरीकडं कुठं दोष असता, तर गाडी कुरकुरली असती आणि काटा जागचा हलला नसता.

आता व्होल्ट, पंप की जाळी, एवढाच सवाल. पंपाच्या कनेक्टरवर, पंप चालू असताना, व्होल्ट मोजले, भरपूर होते. मग टाकी रिकामी करून पंप बाहेर काढला. जाळीवर तपकिरी चिखलाचा थर होता. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन बाकड्यावर ठेवलं, आणि थोड्या वेळानं बाटलीत आडवी रेघ दिसू लागली: वर पेट्रोल, खाली पाणी.

साधा मिस्त्री इथं थांबला असता. जाळी बदलली, टाकी धुतली, पैसे घेतले. यानं विचारलं, पाणी आलं कुठून? झाकणाभोवतीच्या खोलगट जागेत पावसाचं पाणी साचू नये म्हणून एक बारीक छिद्र असतं, त्यातून ते नळीवाटे खाली जातं. ते छिद्र कुंभारमाशीनं मातीनं लिंपून टाकलं होतं. साचलेलं पाणी झाकण उघडलं की थेट टाकीत. त्यानं तारेनं छिद्र मोकळं केलं, पंपाखालचं रबरी सील नवं घातलं आणि मगच टाकी भरली. या शेवटच्या पायरीशिवाय आधीचं सगळं काम पुढच्या पावसाळ्यात पुन्हा करावं लागलं असतं.

अशा तपासाचं सामर्थ्य वगळण्यात आहे. हेच वगळणं मोठ्या मापावर पाहायचं तर औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची गुरुत्वलहरींची वेधशाळा व्हायची आहे, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांमधून अणूहूनही सूक्ष्म थरथर टिपायची, आणि ती खरी मानण्याआधी ट्रकची धडधड, वारा, जमिनीची कुरबुर, एकेक गोंगाट ओळखून बाजूला काढायचा, अशी ती विद्या. तराजू एकाच मापाचे नाहीत हे उघड आहे. पण एकेक पर्याय सिद्ध करून खोडल्याशिवाय उरलेल्याला खरं म्हणायचं नाही, ही शिस्त दोन्हीकडं एकच.

हिंगोली जिल्ह्यात ही मिस्त्रीची विद्या इतकी लागते, याला इथली राहणीही कारण आहे. शंभर रुपयांत आता लिटरभरही पेट्रोल येत नाही, म्हणून टाकी कायम तळाशी असते. पंप भोवतीच्या पेट्रोलानंच थंड राहतो. ते कमी असलं की तो तापतो आणि जाळी तळाचा गाळ ओढते. खेड्यात पानटपरीवरची बाटली घ्यावी लागते, त्या बाटलीत आधी काय होतं कुणी सांगावं. त्यात पेट्रोलमधलं इथेनॉल. २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता ते सर्रास झालं आहे. इथेनॉल पाणी स्वतःत मुरवून घेतं, त्यामुळं थोडंसं पाणी बिनबोभाट जळून जातं. मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल पाण्याला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि नेमकं तळाला, पंपाच्या तोंडाशी बसतं. जुन्या टाकीच्या भिंतीवर साचलेला राळेसारखा थरही ते सोडवतं, तो जाळीवर येतो. पाण्याची आणखी एक वाट पुराची. २०२२ च्या जुलैत वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात पुराचं पाणी घरांत शिरलं होतं. अशा पाण्यात बुडालेल्या गाडीची चावी उत्सुकतेपोटी फिरवू नये. चावी फिरली की पंप पहिल्या दोन सेकंदांतच तळाचं पाणी इंजेक्टरपर्यंत नेऊन पोचवतो.

चुकीचं वाचन कसं होतं तेही पाहण्यासारखं आहे. दाब कमी असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. ऑक्सिजन सेन्सर इमानानं कळवतो की हवा जास्त आहे. ईसीयू इंजेक्टर अधिक काळ उघडा ठेवून भरपाई करतो, आणि भरपाईची मर्यादा संपली की अखेर दिवा लागतो. स्कॅनरवर मिश्रण पातळ असल्याची नोंद दिसते, कधी ऑक्सिजन सेन्सरचं नावही येतं. घाईचा मेकॅनिक सेन्सर बदलतो. ज्यानं खरी बातमी आणली त्यालाच घरी पाठवलं जातं आणि जाळीवरचा चिखल तसाच राहतो. मग दुसरा सेन्सर, मग इंजेक्टर, शेवटी ईसीयू; गिऱ्हाईकाचं बिल वाढत जातं आणि गाडी औंढ्याच्या रस्त्यावर पुन्हा उभी.

या रचनेत दोषही आहेत आणि ते मिस्त्रीचे नाहीत. पुष्कळ गाड्यांत पंप, जाळी आणि दाब राखणारा रेग्युलेटर मिळून एकच बंदिस्त संच येतो. दोष जाळीत असला तरी काही हजारांचा संच घ्यावा लागतो. किक काढून टाकल्यामुळं बॅटरी अशक्त झाली की पंपही उठत नाही आणि पेट्रोलच्या दोषाचं सोंग उभं राहतं. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचं स्वतःवरचं लक्ष आणखी वाढलं आहे, त्यामुळं नोंदी जास्त मिळतात. पण नोंदी वाढल्या तरी तळाच्या पाण्याबद्दल गाडी अजूनही काही बोलत नाही.

कार्बोरेटरची थोरवी मी नाकारत नाही. त्याचा स्क्रू फिरवणाऱ्या बोटांत अनुभव होता, आणि दुरुस्तीचा परिणाम त्याच क्षणी कानावर यायचा. इंजेक्शनमध्ये फिरवायला स्क्रू नाही, त्यामुळं कसब बोटांतून निघून प्रश्नांत, क्रमात आणि संयमात गेलं आहे. ते बाकड्यावरून चटकन दिसत नाही, म्हणून ते संपलं असं वाटतं. कान तर आजही लागतो, फक्त तो आता सायलेन्सरऐवजी टाकीला लावावा लागतो.

तेव्हा गाडी दुरुस्त होऊन हातात आली की बिलावर कोणता पार्ट लिहिला आहे एवढंच पाहू नका. मिस्त्रीला विचारा, हाच दोष आहे हे कशावरून ठरवलंत? “कोड आला होता” एवढंच उत्तर मिळालं तर जुना पार्ट मागून घ्या आणि पुढचे काही दिवस लांबचा प्रवास टाळा. पण तो काटा, बाटली, छिद्र असं ओळीनं सांगू लागला, तर मजुरीत घासाघीस करू नका. पैसे त्या सांगण्याचेही आहेत.